दगड कोरडा, भिंत ओली: जुनी कोर्ट-कचेरी कशी बांधली आणि कशाने बिघडते

पुण्यातली ब्रिटिश काळातली दगडी कचेरी लांबूनही ओळखू येते. काळ्या पाषाणाच्या जाड भिंती, पुढे लांबलचक व्हरांडा, वर मंगलोरी कौलं आणि आत शिरल्यावर मान वर करून शोधावं लागेल इतकं उंच छत. तारखेला आलेला पक्षकार याच भिंतीला पाठ टेकून तासन् तास उभा असतो, आणि पावसाळ्यात त्या पाठीला ओल लागते. मग इमारत म्हातारी झाली, आता गळायचीच, असं सगळे म्हणतात. बहुतेक वेळा ते खरं नसतं. या इमारती वयाने गळत नाहीत, गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतल्या डागडुजीने गळतात. कसं ते समजायला ही इमारत मुळात का आणि कशी उभी राहिली, हे पाहावं लागतं.

पेशवाईत न्यायासाठी म्हणून वेगळी बांधलेली इमारत नव्हती. गावचा तंटा गोतसभेपुढे नाहीतर पंचायतीपुढे जाई आणि ती चावडीवर किंवा देवळात बसे. १८१७ च्या नोव्हेंबरात शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. इंग्रजांचा दख्खनचा कमिशनर एल्फिन्स्टन, त्याने सुरुवातीला पंचायती चालू ठेवल्या. पुढे १८२७ च्या कायदेसंग्रहाने लेखी दावा, लेखी पुरावा आणि अपिलांची उतरंड बसवली. लेखी म्हटलं की कागद आला, आणि कागद आला की तो जपायचा दप्तरखाना आला. तरी बराच काळ कचेऱ्या भरत होत्या त्या जुन्या वाड्यांतच, म्हणजे सागवानी खांब, सागवानी तुळया आणि त्यांच्या मधोमध कागदांचे ढीग. १३ मे १८७९ च्या रात्री सरकारी कचेऱ्या असलेला बुधवारवाडा जळाला आणि विश्रामबागवाड्यालाही आग लागली. संशयाची सुई वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाकडे वळली. फडके त्याच वर्षी पकडले गेले. पुण्यातल्या त्यांच्या खटल्यात सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, त्यांच्या बाजूने उभे राहिले. फडक्यांना तेव्हा जिथे ठेवलं होतं ती संगमाजवळची कोठडी सीआयडीच्या आवारात स्मारक म्हणून जपलेली आहे.

दरम्यान १८६९ च्या मुंबई दिवाणी न्यायालय कायद्याने जिल्हा न्यायाधीश, सहायक न्यायाधीश, पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाचे सबजज, म्हणजे दुय्यम न्यायाधीश, अशी मांडणी पक्की केली. न्यायमूर्ती रानडे १८७१ मध्ये पुण्यात आले ते याच मांडणीतले पहिल्या वर्गाचे सबजज म्हणून. इतके न्यायाधीश म्हणजे इतके इजलास, म्हणजे खटले चालवायच्या खोल्या. शिवाय नाझर, शिरस्तेदार, बेलिफ, नकला करणारे कारकून आणि वकिलांची खोली. हे सगळं वाड्यात मावण्यातलं नव्हतं.

त्याच सुमारास पुण्यात मोठी सरकारी बांधकामं चालली होती. लष्करी अभियंता विल्किन्सच्या आराखड्यावरचं ससून रुग्णालय आणि डेक्कन कॉलेज, गणेशखिंडीतलं गव्हर्नरचं निवासस्थान, १८७० चं कौन्सिल हॉल. या इमारतींवर मनोरे आहेत, टोकदार कमानी आहेत, नक्षी आहे. कोर्ट-कचेऱ्यांच्या वाट्याला असले लाड फारसे आले नाहीत. बांधकाम खात्याने त्या जवळजवळ एकाच साच्यातून काढल्या. वास्तुकलेची पुस्तकं म्हणून त्यांच्यापाशी थांबत नाहीत, पण कामाच्या दृष्टीने पाहिलं तर साच्यातली कचेरीच जास्त हुशार आहे. तिच्यातली प्रत्येक गोष्ट कशासाठी तरी आहे.

व्हरांड्याचंच घ्या. आठ ते दहा फूट रुंद, आणि शक्यतो दक्षिण-पश्चिमेला. पुण्यात वर्षाला साधारण सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो, तो मुख्यतः जून ते सप्टेंबरात आणि नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर तिरपा. व्हरांडा हा मार स्वतः खातो आणि आतली भिंत कोरडी ठेवतो. शिवाय कोर्टाचं अर्धं काम व्हरांड्यातच चालतं. पट्टेवाला दारात उभा राहून पुकारा करतो तो व्हरांड्यात ऐकू जायला हवा. पक्षकार, साक्षीदार, पोलिसांबरोबर आलेला आरोपी हे सगळे तिथेच थांबतात. न्यायाधीशांचं दालन इजलासाच्या मागे असतं आणि त्याला वेगळं दार असतं, त्यामुळे ते या गर्दीतून कधीच जात नाहीत. जागा कमी पडली की आपण पहिल्यांदा काय करतो, तर व्हरांड्याला ॲल्युमिनियमची पार्टिशन ठोकून टेबलं टाकतो. खोली मिळते, पण तिरपा पाऊस आता पार्टिशनच्या फटीतून आत येतो, फरशीवर साचतो आणि बाहेर जायला वाट नसते. मूळच्या व्हरांड्याच्या फरशीला बाहेरच्या बाजूला बारीकसा उतार दिलेला असतो. पार्टिशनची चौकट नेमकी त्या उताराच्या तोंडावर बसते.

कोर्ट हॉलची उंची पंधरा ते अठरा फूट. गरम हवा वर जावी आणि छताखालच्या झरोक्यांतून निघून जावी, हा त्यामागचा हिशेब. विजेचे पंखे येण्याआधी न्यायाधीशांच्या डोक्यावर कापडी झालरीचा पंखा टांगलेला असे आणि त्याची दोरी भिंतीतल्या भोकातून बाहेर जाई. ती ओढणारा माणूस व्हरांड्यात बसे. जुन्या इजलासात डायसच्या वर पाहिलं तर तुळईला लोखंडी आकडे दिसतात, आणि व्हरांड्याकडच्या भिंतीत अंगठा जाईल एवढं, कडा गुळगुळीत झिजलेलं भोक. रंगकाम करताना ते पुट्टीने बुजवतात. बुजवू नये. इमारतीचा खरा दस्तऐवज तोच आहे.

उंच खोलीची एक अडचण म्हणजे आवाज घुमतो. साक्षीदार काय बोलला ते लघुलेखकाला दुसऱ्यांदा विचारावं लागतं. याचा हिशेब मांडता येतो. ४० फूट लांब, २६ फूट रुंद आणि १८ फूट उंच हॉल धरला तर आतली हवा साधारण ५३० घनमीटर भरते. भिंती, फरशी, छत सगळं कडक गुळगुळीत असेल तर रिकाम्या हॉलमध्ये आवाज विरायला सहा-सात सेकंद लागतात. चाळीस माणसं बसली की हे पावणेतीन सेकंदांवर येतं, आणि छताला सागवानी फळ्या असतील तर सव्वादोनवर. आता चार फूट बाय आठ फुटांच्या सहा खिडक्या उघडा. उघडी खिडकी आवाज परत पाठवतच नाही. आकडा दीड सेकंदाच्या आसपास येतो आणि बोलणं समजू लागतं. म्हणजे जुन्या माणसांनी खिडक्या मोठ्या ठेवल्या त्या हवेसाठी, पण त्यांनी कानांचीही सोय झाली. एसीसाठी त्याच खिडक्या काचेने बंद केल्या की हॉल पुन्हा घुमतो. मग माइक येतो, आणि माइकने घुमणारा आवाज फक्त मोठा होतो. एसी हवाच असेल तर मागच्या भिंतीवर आणि बाजूच्या भिंतींच्या वरच्या निम्म्यावर आवाज शोषणारी पटलं लावावीत. ती लाकडी चौकटीवर, भिंतीपासून दोन इंच सोडून बसवावीत. थेट दगडी भिंतीला चिकटवली तर मागे ओल धरते.

भिंतीची गोष्ट मात्र सावकाश सांगायला हवी.

पुणे दख्खनच्या काळ्या पाषाणावरच बसलेलं आहे, त्यामुळे दगड जवळ मिळत होता. हा दगड कठीण, पाथरवटाची टाकी बोथट करणारा, आणि पाणी जवळजवळ न पिणारा. चांगला पाषाण पाण्यात बुडवून ठेवला तरी वजनाच्या एक टक्काही पाणी घेत नाही. इथेच सगळी गोम आहे. भिंत दोन ते अडीच फूट जाड असली तरी ती सलग दगडाची नसते. बाहेरून घडीव दगडांची एक पाठ, आतून ओबडधोबड दगडांची दुसरी, आणि दोन्हींच्या मध्ये चुन्यात बसवलेलं चिपांचं भरण. दोन पाठी एकमेकींपासून सुटू नयेत म्हणून प्रत्येक थरात साधारण पाच-पाच फुटांवर एक लांब दगड आडवा घालतात. दोन फुटांपर्यंतच्या भिंतीत तो आरपार जातो. भिंत त्याहून जाड असेल तर दोन्ही बाजूंनी एकेक दगड घालतात आणि ते आत निदान सहा इंच एकमेकांवरून गेलेले असावे लागतात. ज्याने हे दगड वाचवले त्याच्या भिंतीला काही दशकांनी पोट येतं. ओळंबा सोडला की पोट दिसतं. छोट्या हातोडीने ठोकत गेलं की कुठे पाठ सुटली तेही कळतं: घट्ट दगड खणखणतो, सुटलेला बद्द वाजतो.

आता भिंतीत पाणी शिरलं, तर निघणार कुठून? वरून गळलेलं असो की जोत्यातून चढलेलं, ते दगडातून निघू शकत नाही, कारण दगड पाणी पीतच नाही. वाट एकच: दगडांमधल्या चुन्याच्या दरजा, म्हणजे सांधे. चुना सच्छिद्र असतो. ओल त्यातून सावकाश बाहेर येते आणि वाऱ्यावर सुकते. बाहेरच्या भिंतीचं जेमतेम दहावा-पंधरावा हिस्सा क्षेत्र दरजांचं असतं, पण सगळी भिंत श्वास घेते ती तेवढ्यातून. दरजा झिजल्या, कुठे बोट जाऊ लागलं, की दुरुस्तीत त्या सिमेंटने भरल्या जातात. वर नळीसारखा उभार काढून काळा रंगही देतात. काम चकचकीत दिसतं. पण बाहेरची वाट बंद झाली, ओल आतल्या बाजूला वळली. दोन पावसाळ्यांत आतल्या गिलाव्याला लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, लागतो, रंगाचे पोपडे निघतात, आणि आपण आतून पुन्हा सिमेंटचा गिलावा करतो. आता ओल दोन्हीकडून कोंडली. ती वर चढते आणि जिथे लाकूड भिंतीत शिरलेलं आहे तिथे जाऊन बसते. विटांच्या किंवा वाळूच्या दगडाच्या इमारतीत सिमेंटचा घात लगेच दिसतो, कारण दगडाचाच चेहरा गळून पडतो. पाषाणाचा चेहरा शंभर वर्षं तसाच राहतो, म्हणून इथे चूक बाहेरून लक्षातच येत नाही.

दरजा पुन्हा भरायच्या तर काम असं होतं. जुना माल छिन्नी-हातोडीने हाताने उकरायचा. ग्राइंडर चालवला की दगडाच्या कडा कापल्या जातात आणि दरज कायमची रुंद होते. खोली किमान एक इंच, किंवा दरजेच्या रुंदीच्या दुप्पट, यातलं जे जास्त असेल ते. भुकटी ब्रशने काढून वरून खाली पाण्याने धुवायचं. भरताना दरज ओलसर हवी, पण आत पाणी साचलेलं नको. माल एक भाग चुना, एक भाग सुरकी (विटांची भुकटी), एक ते दोन भाग धुतलेली चाळलेली वाळू. चुनकळी (भट्टीतून निघालेला कोरडा चुना) विरवून ती निदान दोन-तीन आठवडे पाण्याखाली मुरलेली असावी. न विरलेले कण राहिले तर ते नंतर दरजेत फुगतात आणि माल उडवतात. सुरकी कमी भाजलेल्या विटांची घ्यावी. जास्त भाजलेल्या, जांभळट विटेच्या भुकटीचा चुन्याला काही उपयोग होत नाही. खोल दरज एका दमात भरायची नाही. दोन थरांत भरायची, पहिला आवळला की दुसरा, आणि प्रत्येक थर पातळ लोखंडी पट्टीने आत दाबायचा. माल दगडाच्या तोंडापेक्षा किंचित आत ठेवायचा. वर ओलं गोणपाट लावून निदान दहा दिवस ते सुकू द्यायचं नाही. हंगाम दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचा. एप्रिलच्या उन्हात चुना आवळण्याआधीच वाळून भुगा होतो, आणि जूनमध्ये धुऊन जातो.

जुन्या चुन्यात गूळ, हिरडा, उडीद, बेल घालत, याच्या सुरस बातम्या दरवर्षी छापून येतात. थोडं गुळाचं पाणी माल मऊ ठेवतं, हे खरं. जास्त झालं तर माल आवळायलाच वेळ लावतो, आणि मुंग्या लागतात त्या वेगळ्याच. चुना मुरला नसेल आणि चुन्याच्या घाणीत, म्हणजे दगडी चाकाखाली, नीट मळला नसेल तर हिरड्याचं पोतं ओतूनही काही होत नाही.

भिंतीत पिंपळ किंवा उंबर उगवला असेल तर तो ओढून काढू नये. दगड मोकळे होतात आणि मूळ आत राहतंच. बुंधा भिंतीलगत कापून ताज्या कापावर लगेच तणनाशक लावायचं. झाड पूर्ण मेल्यावर मूळ जिथपर्यंत गेलंय तिथपर्यंतचे दगड खडूने क्रमांक घालून उतरवायचे, मूळ काढायचं आणि दगड त्याच क्रमाने चुन्यात परत बसवायचे. आतलं भरण पोकळ झालं असेल तर दोन-तीन फुटांवर अर्ध्या इंची नळ्या खोचून पातळ चुना खालून वर भरत जायचं. शेजारच्या नळीतून माल दिसला की थांबायचं. पंपाचा जोर लावला तर सुटलेली पाठ आणखी बाहेर येते. नुसत्या उंचीवरून सोडलेला माल पुरतो.

छपराच्या सागवानी कैच्या, म्हणजे छप्पर तोलणारे त्रिकोणी सांगाडे, ज्या भिंतीत टेकतात, ती जागा म्हणजे इमारतीची दुखरी नस. वर सांगितलेली कोंडलेली ओल तिथेच येते. कैचीच्या आडव्या तुळईच्या टोकाला, भिंतीलगत, टोच्या दाबून पाहावा. चांगल्या सागात तो जेमतेम रुततो. अर्धा इंच सहज गेला तर टोक कुजलं आहे, वरून कितीही चांगलं पॉलिश दिसो. अख्खी कैची बदलायची गरज क्वचितच पडते. कुजलेला भाग कापून त्या जागी जुना मुरलेला साग तिरप्या सांध्याने जोडतात आणि दोन्ही बाजूंना पोलादी पट्ट्या घालून बोल्ट मारतात. टोक पुन्हा भिंतीत बसवताना भोवती बोटभर मोकळी फट ठेवावी. गवंडी हमखास ती सिमेंटने भरायला धावतो, त्याला अडवावं.

मंगलोरी कौलांचं काम सोपं आहे, पण ते ज्याला येतं तो माणूस आता पटकन मिळत नाही. बाझेल मिशन या ख्रिस्ती संस्थेने १८६५ मध्ये मंगलोरला कारखाना काढला आणि ही कौलं सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर आणि घाटावर पसरली. चौरस मीटरला साधारण पंधरा कौलं लागतात, एकेक दोन ते तीन किलोचं. कौल फुटण्याचं मोठं कारण माकडं नव्हेत, तर केबल टाकायला चढलेला माणूस. पाय कौलांखालच्या लाकडी रिपेच्या वर पडला तर कौल टिकतं, मधोमध पडला की मोडतं. गळती मात्र कौलांतून कमी आणि दोन उतार जिथे मिळतात त्या पन्हळीतून जास्त होते. पालापाचोळा साचतो, पाणी उलटं चढून पत्र्याच्या कडेवरून आत उतरतं. मेच्या अखेरीस, आणि पहिल्या दोन जोरदार सरींनंतर पुन्हा एकदा, पन्हळी साफ केल्या की निम्म्या तक्रारी तिथेच संपतात.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण ती मोजायला हरकत नाही. दगडी जोत्याला सहा इंचांच्या पायऱ्या असतात. सगळ्यात खालची पायरी दोन-तीन इंचच दिसत असेल, किंवा दिसतच नसेल, तर आवाराची जमीन वर आली आहे. डांबरावर डांबर, त्यावर पेव्हर ब्लॉक. त्यात जोत्यातल्या हवेच्या जाळ्या बुजतात, आणि पावसाचं पाणी भिंतीपासून लांब जाण्याऐवजी भिंतीकडे वाहतं. मग भिंतीत ओल चढते आणि लाकडी जमीन असेल तर वाळवीला आमंत्रण मिळतं. उपाय महाग नाही. भिंतीलगत तीन फूट रुंदीचा पट्टा उकरून मूळ पातळी काढायची, त्यात खडी भरायची, उतार बाहेरच्या बाजूला द्यायचा. त्या पट्ट्यात काँक्रीट ओतलं की सगळं मुसळ केरात.

दप्तरखाना बहुधा तळमजल्याच्या आतल्या अंगाला असतो आणि त्याचं छत लाकडी नसतं. लोखंडी गर्डर चार-पाच फुटांवर टाकून त्यांच्यामध्ये विटांच्या छोट्या कमानी बसवलेल्या असतात, वर चुन्याचा कोबा. आग वर पोचू नये, ही कल्पना. इथे रोग कळतो तो गर्डरच्या रेषेत पडलेल्या सरळ चिरेवरून. लोखंडाचा खालचा पट्टा गंजतो, गंजून फुगतो आणि वीट ढकलतो. चीर पुट्टीने भरण्याआधी गंज खरवडून किती जाडी उरली ते मोजायलाच हवं. वरच्या मजल्यावर, जिथे जमीन लाकडी तुळयांवर आहे, तिथे फायलींचे रॅक चढवायचे असतील तर हिशेब आधी करावा. सहा-सात फूट उंच भरलेला रॅक खालच्या प्रत्येक चौरस मीटरवर टनभर भार टाकतो. निम्मी जागा ये-जा करायला सोडली तरी सरासरी पाचशे किलो. जुनी जमीन बसण्या-उठण्याच्या कचेरीसाठी केलेली, ती त्याच्या निम्म्यालाच तयार असते. मागचे-पुढचे रॅक सरकवून दाटीने ठेवायचे कॉम्पॅक्टर तर ही मोकळी जागाही काढून टाकतात. ते तळमजल्यावरच शोभतात.

महापालिकेच्या वारसा यादीतल्या इमारतीला हात लावायचा तर श्रेणीनुसार वारसा समितीची मंजुरी लागते, आणि सरकारी इमारतीचं काम निविदेतूनच होणार. निविदेत 'दरजा भरणे' एवढंच लिहिलं तर ठेकेदार सिमेंट वापरणार, आणि कागदोपत्री त्याचं काही चुकलेलंही नसणार. म्हणून चुन्याचा प्रकार, मुरवण्याचे दिवस, वाळू-सुरकीचं प्रमाण, हाताने उकरण्याची अट आणि ओलं ठेवण्याचे दिवस हे सगळं बाबीच्या वर्णनातच घालावं. सोबत पश्चिमेच्या भिंतीवर एक चौरस मीटरचा नमुना करून घेण्याची अट ठेवावी. तो नमुना एक पावसाळा खाऊ द्यावा, ऑक्टोबरात आतल्या बाजूने भिंतीला हात लावून पाहावा, आणि मगच बाकीच्या कामाचं बिल सुरू करावं.